फ्रोझन शोल्डरसाठी फिजिओथेरपीचे व्यायाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रोझन शोल्डरमध्ये खांद्यात नेमके काय बिघडते?

दंडाच्या हाडाचा गोलाकार माथा आणि खांद्याच्या पात्यावरची उथळ खोबण मिळून खांद्याचा सांधा बनतो. या सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असते. निरोगी खांद्यात काखेच्या बाजूला या आवरणाची घडी पडलेली असते, आणि हात डोक्यावर नेताना ती उलगडते, म्हणूनच शरीरातल्या इतर कोणत्याही सांध्यापेक्षा खांदा अधिक दिशांना व अधिक अंशांत फिरू शकतो. फ्रोझन शोल्डरमध्ये या आवरणाला प्रथम सूज येते आणि नंतर ते जाड, आखूड व ताठर होत जाते. निरोगी सांध्यात साधारण 20 ते 30 मिलिलीटर द्रव सहज मावतो. आखडलेल्या सांध्यात ही जागा 10 मिलिलीटरपेक्षाही कमी उरू शकते. सांध्याच्या पुढच्या-वरच्या भागातील आवरण आणि तेथील अस्थिबंध (हाडांना जोडणारे पट्टे) सर्वांत जास्त आवळले जातात, आणि पुढे व्यायाम निवडताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

फ्रेंच शल्यविशारद सिमाँ द्यूप्ले यांनी 1872 साली अशा ताठर व दुखऱ्या खांद्याचे वर्णन केले होते. आज प्रचलित असलेले नाव अमेरिकी शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 साली दिले, तर मूळ दोष सांध्याच्या आवरणात आहे हे ज्युलियस नेव्हिएझर यांनी 1945 साली दाखवून दिले.

माझा खांदा दुखतो, म्हणजे मला फ्रोझन शोल्डरच झाला आहे का?

तसे असेलच असे नाही, आणि व्यायाम सुरू करण्यापूर्वी हा प्रश्न सुटणे आवश्यक आहे. खांदेदुखीच्या बहुतेक रुग्णांना दुसराच काही आजार असतो. त्यात स्नायूंच्या कंडरांची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची) झीज किंवा फाटणे, मानेतून येणारी कळ, सांध्याचा संधिवात अशी अनेक कारणे संभवतात.

यात फरक करण्याची सर्वांत उपयोगी खूण पुढीलप्रमाणे आहे. कोपर कमरेशी टेकवून काटकोनात वाकवावे आणि पंजा बाहेरच्या बाजूस न्यावा. ही हालचाल आपल्याला स्वतःला करता येत नसेल आणि दुसऱ्याने आपला हात धरून हळूच फिरवला तरीही तो तितक्याच ठिकाणी अडत असेल, तर आवरण आखडल्याची शक्यता मोठी असते. कंडरा फाटलेला असेल तर बहुधा स्वतःला हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने उचलल्यास तो बराच वर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये सर्वाधिक अडचण दंड बाहेरच्या दिशेने फिरवताना, त्याखालोखाल हात बाजूने वर नेताना आणि मग तो आतल्या दिशेने, म्हणजे पाठीमागे, नेताना जाणवते, हा क्रम बराचसा ठरलेला असतो.

निदानासाठी एक साधा एक्स-रे तरी काढावा, असे सुचवणे योग्य ठरते. फ्रोझन शोल्डरमध्ये तो बहुतेक वेळा सामान्यच येतो, पण त्यामुळे सांध्याची झीज, अस्थिभंग किंवा हाडातील गाठ या शक्यता वगळता येतात. अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का बसल्यानंतर हात बाहेरच्या बाजूस फिरेनासा झाला असेल, तर सांधा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. ही अवस्था वरवर फ्रोझन शोल्डरसारखीच भासते आणि तीत ताणाचे व्यायाम करणे धोक्याचे असते.

हा विकार कोणाला होतो? मधुमेहाचा याच्याशी खरोखर संबंध आहे का?

होय, संबंध आहे आणि तो चांगलाच ठळक आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे 2 ते 5 टक्के लोकांना हा विकार होतो असे मानले जाते. मधुमेह असणाऱ्यांत हे प्रमाण 10 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते. त्यांच्यात तो अधिक चिवट असतो आणि दोन्ही खांद्यांना होण्याची शक्यताही अधिक असते. 40 ते 60 हा वयोगट आणि स्त्रिया यांत तो जास्त आढळतो. थायरॉइडचे विकार, पक्षाघात, स्तनाची शस्त्रक्रिया, किंवा अस्थिभंगानंतर हात बरेच दिवस झोळीत बांधून ठेवणे ही त्याला पूरक ठरणारी इतर कारणे आहेत. पुष्कळदा मात्र कोणतेही कारण सापडत नाही. चाळिशीनंतर काहीही इजा न होता खांदा आखडू लागला आणि रक्तातील साखर बऱ्याच काळात तपासलेली नसेल, तर ती या निमित्ताने तपासून घेणे शहाणपणाचे आहे.

आजाराचे टप्पे कोणते, आणि मी कोणत्या टप्प्यात आहे हे कसे समजावे?

पाठ्यपुस्तकांत तीन टप्पे सांगितले जातात. पहिल्या टप्प्यात वेदना प्रबळ असते, रात्री झोपमोड होते आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. हा टप्पा साधारण 2 ते 9 महिने चालतो. दुसऱ्या टप्प्यात वेदना ओसरू लागते, पण ताठरपणा कायम राहतो. याला 4 ते 12 महिने लागू शकतात. तिसऱ्या टप्प्यात हालचाल परत येऊ लागते, आणि त्याला काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. हे आकडे ढोबळ आहेत आणि टप्प्यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात.

व्यायामाच्या दृष्टीने महिने मोजण्यापेक्षा खांदा किती चिडखोर आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. विश्रांतीतही किंवा रात्री खांदा ठणकत असेल आणि हालचाल पूर्ण अडण्याच्या आधीच कळ येत असेल, तर खांदा अतिशय चिडलेला आहे असे समजावे. हालचाल जिथे अडते नेमक्या तिथेच दुखत असेल, तर चिडखोरपणा मध्यम आहे. हालचाल अडते, तिथे ओढ जाणवते, पण वेदना नगण्य असते आणि सोडताच ती थांबते, अशी स्थिती असेल तर खांदा शांत झालेला आहे आणि त्याला अधिक ताण देता येईल. हा कस दर आठवड्याला पुन्हा लावावा, कारण शांत झालेला खांदा एखाद्या हिसक्याने पुन्हा चिडू शकतो.

व्यायाम करताना किती दुखू द्यावे? ‘दुखल्याशिवाय मोकळा होत नाही’ हे खरे आहे का?

या विकारात सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते, असे आमचे मत आहे. आखडलेले आवरण गंजलेल्या बिजागरीसारखे जोर लावून मोकळे होत नाही. ती जिवंत ऊती आहे आणि सूज असताना तिला ताणले, तर ती आणखी सुजते. वेदना वाढली की भोवतालचे स्नायू आक्रसतात, खांदा आणखी बांधला जातो आणि कष्टाने मिळालेले चार अंश दोन दिवसांत परत जातात.

नेदरलँड्समध्ये 77 रुग्णांवर झालेला आणि 2004 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत विचार करायला लावणारा आहे. त्यात एका गटाला वेदनेच्या मर्यादेपलीकडे जाणारे जोरकस ताण व सांध्याच्या हाताळणीचे उपचार देण्यात आले, तर दुसऱ्या गटाला आजाराची माहिती, वेदनेच्या मर्यादेत राहून करावयाचे सौम्य व्यायाम आणि सहन होतील तितकी दैनंदिन कामे एवढेच सांगण्यात आले. दोन वर्षांच्या अखेरीस सौम्य गटातील 89 टक्के रुग्णांचा खांदा जवळजवळ सामान्य, वेदनारहित कार्यक्षमतेपर्यंत पोहोचला होता; जोरकस गटात हे प्रमाण 63 टक्के होते. एका लहान अभ्यासावरून सर्व ताण निषिद्ध ठरवता येत नाहीत, परंतु वेदना सोसण्याच्या तयारीवर बरे होणे अवलंबून नसते, इतके त्यावरून निश्चित दिसते.

व्यवहारात पुढील मापदंड वापरावा. वेदनेला 0 ते 10 असे गुण दिले, तर चिडलेल्या खांद्याच्या व्यायामात ती 2 च्या आसपास आणि शांत खांद्याच्या व्यायामात फार तर 4 पर्यंत असावी. व्यायाम संपल्यावर दुखणे अर्ध्या तासात पूर्वपदावर यावे. त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी खांदा नेहमीपेक्षा जास्त ठणकत असेल, तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले असे समजून ते निम्म्यावर आणावे, पण व्यायाम पूर्णपणे बंद करू नये. व्यायाम करतानाच्या भावनेपेक्षा दुसऱ्या सकाळची साक्ष अधिक विश्वासार्ह असते.

वेदनेच्या टप्प्यात कोणते व्यायाम करावेत?

या टप्प्यात हालचाल वाढवणे हे उद्दिष्ट नसते. असलेली हालचाल टिकवणे, वेदना कमी करणे आणि हात वापरायची भीती बसू न देणे, एवढेच पुरेसे असते.

लंबकाचा व्यायाम येथे उपयोगी पडतो. त्याला कॉडमन यांचेच नाव आहे. निरोगी हात टेबलावर टेकवून कमरेतून पुढे वाकावे आणि दुखरा हात सैल लोंबकळू द्यावा. त्यानंतर शरीर पुढे-मागे व डावी-उजवीकडे हलवून त्या हाताला आपोआप झोके घेऊ द्यावेत. बहुतेक जण येथे हमखास चुकतात : ते खांद्याच्या स्नायूंचा जोर लावून हाताने मोठी वर्तुळे काढतात. तसे केले की सांधा सैल होण्याऐवजी स्नायू ताठ राहतात आणि व्यायामाचा मूळ हेतूच हरवतो. झोका शरीरातून यावा, हात फक्त लोंबकळावा, आणि वर्तुळ ताटाएवढेच असावे. एका वेळी एक-दोन मिनिटे असे दिवसातून तीन-चार वेळा करणे पुरे होते. वाकल्यावर चक्कर येत असेल किंवा कंबर दुखत असेल, तर पलंगाच्या कडेला पालथे झोपून हात खाली सोडावा.

दुसरा व्यायाम टेबलावरचा. खुर्चीवर बसून दुखरा हात टेबलावर पसरलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि धड पुढे वाकवत हात टॉवेलसह पुढे सरकू द्यावा. सुखावह मर्यादेशी एक ते पाच सेकंद थांबून परत यावे, आणि असे दहा वेळा करावे. हाताचे वजन टेबल पेलत असल्यामुळे अतिशय दुखऱ्या खांद्यालाही हा व्यायाम मानवतो. उताणे झोपून, निरोगी हाताने दुखऱ्या हाताचे मनगट धरून तो डोक्याच्या दिशेने उचलणे हाही याच जातीचा प्रकार आहे.

याखेरीज पाठीवरची दोन्ही पाती हलकेच एकमेकांकडे ओढून पाच सेकंद धरणे, तसेच मान, कोपर, मनगट व बोटे दिवसातून काही वेळा पूर्ण हलवणे हेही करावे. खांदा जपण्याच्या नादात कोपर ताठर झाल्याची आणि पंजा सुजल्याची उदाहरणे दिसतात.

वेदना ओसरली पण हात वर जात नाही. आता कोणते व्यायाम?

आता ताणाची वेळ आली, आणि आमच्या मते त्याची सुरुवात हात वर नेण्यापासून न करता दंड बाहेरच्या दिशेने फिरवण्यापासून करावी. सर्वांत जास्त आवळलेला भाग त्याच हालचालीत ताणला जातो. शिवाय हात बाजूने डोक्यावर नेताना दंडाचे हाड बाहेरच्या दिशेने फिरावेच लागते. ते फिरले नाही, तर त्याचा वरचा भाग खांद्याच्या टोकाखाली अडकतो. अनेक रुग्ण महिनोन्‌महिने बोटांनी भिंत चढण्याचा व्यायाम निष्ठेने करतात आणि बाहेरच्या फिरकीकडे मात्र कोणी लक्ष दिलेले नसते.

यासाठी उताणे झोपून दुखऱ्या हाताच्या कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवावा, कोपर बरगड्यांशी टेकलेले व काटकोनात वाकलेले असावे. दोन्ही हातांत एक काठी आडवी धरावी आणि निरोगी हाताने ती अशी ढकलावी की दुखऱ्या हाताचा पंजा बाहेरच्या बाजूस जाईल. दुखरा हात स्वतः जोर लावत नाही. ओढ जाणवेल तिथे 15 ते 30 सेकंद थांबावे, सावकाश परत यावे आणि तीन ते पाच वेळा करावे. कोपर शरीरापासून सुटले, तर खांदा फिरत नसून नुसता सरकत आहे असे समजावे. बरगडी व कोपर यांच्यामध्ये रुमाल दाबून धरल्यास ही चूक लगेच कळते, कारण रुमाल खाली पडतो. झोपणे शक्य नसेल तेव्हा दाराच्या चौकटीचा उपयोग होतो. कोपर कमरेशी ठेवून तळहात चौकटीला टेकवावा आणि पावले हलवत शरीरच विरुद्ध दिशेने हळूहळू वळवावे.

त्यानंतर बोटांनी भिंत चढण्याचा परिचित व्यायाम करावा. भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, बोटे एकेक पाऊल टाकल्यासारखी वर न्यावीत, ओढ जाणवेल तिथे थांबावे आणि तशाच सावकाशीने खाली यावे. हात एकदम सोडून देऊ नये. भिंतीवर पेन्सिलीची खूण करून ठेवल्यास आठवड्याची प्रगती दिसते, पण ती खूण रोज ओलांडलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. खांदा दिवसागणिक कमी-जास्त होतोच.

निरोगी हाताने दुखऱ्या हाताचे कोपर धरून तो छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे ओढल्यास आवरणाची मागची बाजू ताणली जाते. पाठीमागे टॉवेल धरून, वरच्या निरोगी हाताने खालचा दुखरा हात पाठीवर वर ओढणे हा व्यायाम मात्र सर्वांत शेवटी घ्यावा. केस बांधणे, अंतर्वस्त्राचे मागचे हूक लावणे, मागच्या खिशातून पाकीट काढणे यांची अडचण रोज बोचत असल्यामुळे रुग्णांना तो आधी करावासा वाटतो, परंतु या हालचालीत खांदा सहज चिडतो आणि ती परत यायलाही सर्वाधिक वेळ लागतो. सुरुवातीला पाठीमागे दोन्ही हातांत काठी धरून ती एका बाजूला सरकवणे तेवढे करावे. कुशीवर झोपून खालचा हात पलंगाकडे दाबण्याचा ताण चिडलेल्या खांद्याने करूच नये.

दिवसातून किती वेळा आणि किती वेळ व्यायाम करावा?

एकदाच तासभर करण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन फेरे चांगले. एकाच वेळी सगळे व्यायाम करण्याची गरज नसते; दोन-तीन निवडक व्यायाम नियमाने होणे अधिक मोलाचे आहे. प्रगती आठवड्यांत मोजावी, दिवसांत नव्हे.

हात वर नेताना माझा खांदा कानाकडे उचलला जातो. ते चालेल का?

निरोगी माणूस हात डोक्यावर नेतो तेव्हा ढोबळमानाने दोन भाग हालचाल मुख्य सांध्यात आणि एक भाग पाठीवरच्या पात्यात होते. मुख्य सांधा अडला की पाते त्याची भरपाई करू लागते, आणि म्हणून खांदा कानाकडे चढतो. त्यामुळे हात वर गेल्यासारखा दिसतो, पण सांध्याचे आवरण ताणले जातच नाही. शिवाय मान व पाठीचा वरचा भाग दुखू लागतो. आरशासमोर व्यायाम करावा आणि खांदा चढू लागतो त्या उंचीच्या किंचित खाली थांबावे. हात थोडा कमी वर गेला तरी चालेल. तो योग्य सांध्यातून वर जायला हवा. दुखरा टप्पा संपल्यानंतरही ही सवय मागे राहते, आणि ती मोडण्यासाठी वेगळे लक्ष द्यावे लागते.

व्यायामापूर्वी गरम शेक घ्यावा की बर्फाचा?

ताणाच्या आधी दहा-पंधरा मिनिटे कोमट-गरम शेक किंवा गरम पाण्याची अंघोळ घेतल्यास स्नायू सैलावतात. व्यायामानंतर ठणका लागला, तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवावा. दोन्हींमुळे मूळ आजार बरा होत नाही. व्यायाम सुसह्य होतो. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेली असल्यास शेकाचे तापमान निरोगी हाताने किंवा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे, कारण भाजल्याचे वेळीच कळत नाही.

वजन उचलण्याचे किंवा रबरी पट्ट्याचे व्यायाम केव्हा सुरू करावेत?

ताठर खांद्याला ताकदीचे व्यायाम लवकर देण्याने फारसे काही साधत नाही, कारण अडचण स्नायूंच्या दुबळेपणाची नसून आवरणाच्या आखडण्याची असते. विश्रांतीतील वेदना थांबल्यावर स्थिर दाबाचे व्यायाम सुरू करता येतात. त्यासाठी कोपर कमरेशी वाकवून मुठीने भिंतीवर पुढे, मागे आणि बाहेरच्या बाजूस अर्ध्या ताकदीने पाच सेकंद दाब द्यावा, सांधा न हलवता. हालचाल बरीच परत आल्यानंतर हलक्या रबरी पट्ट्याने बाहेरच्या दिशेने फिरवणे आणि वल्हे मारल्यासारखे मागे ओढणे हे दोन व्यायाम घ्यावेत. अनेक महिने न वापरलेला खांदा अशक्त झालेला असतोच, त्यामुळे हा भाग वगळूनही चालत नाही.

घरीच व्यायाम केले तर फिजिओथेरपिस्टकडे जाण्याची गरज आहे का?

निदान, खांद्याच्या चिडखोरपणाचा अंदाज आणि पहिली शिकवणी यांसाठी जाणे आवश्यक आहे. पुढचा बराचसा भार घरच्या व्यायामावरच असतो. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हाताने सांध्याचा माथा खोबणीत सूक्ष्मपणे सरकवून हालचाल वाढवू शकतात, आणि हे स्वतःला करता येत नाही. पहिल्या भेटीत कोनमापकाने हालचालींची मोजणी करून ती नोंदवून घ्यावी आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजावी. केवळ यंत्राच्या शेकावर आणि विद्युत-उत्तेजनावर भेट संपत असेल आणि व्यायामाचा उल्लेखही होत नसेल, तर त्या उपचाराविषयी प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

कुणीतरी हिसका देऊन किंवा जोरात चोळून खांदा मोकळा करून देतो म्हणतात. तसे करावे का?

करू नये. ताठर सांध्याला अचानक हिसका दिल्यास कंडरा फाटणे, सांधा निखळणे आणि हाडे ठिसूळ असल्यास दंडाचे हाड मोडणे असे धोके असतात. स्नायूंना हलका मसाज दिल्याने तात्पुरता आराम मिळतो, त्याला हरकत नाही. मात्र सांध्याचे आवरण चोळण्याने लांब होत नाही.

स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले तर व्यायामाची गरज उरते का?

सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने वेदना काही आठवडे ते काही महिने लक्षणीय कमी होऊ शकते, आणि आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उपयोग जास्त होतो. त्याने व्यायामाची गरज संपत नाही, उलट व्यायाम करण्याची संधी मिळते. दुखण्यामुळे व्यायाम अशक्य झालेला असताना केवळ इंजेक्शनाच्या भीतीने रात्री जागून काढण्यात अर्थ नाही. मधुमेह असणाऱ्यांच्या रक्तातील साखर इंजेक्शनानंतर काही दिवस वाढते, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगून त्या दिवसांत साखर अधिक वेळा तपासावी. इंजेक्शन घेतल्यावर ताण केव्हा सुरू करायचे हे देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. बहुधा एक-दोन दिवस हलक्या हालचालींवर राहण्यास सांगितले जाते.

रात्री झोपताना खांदा कसा ठेवावा?

उताणे झोपून दंड व कोपर यांच्याखाली उशी द्यावी, म्हणजे कोपर शरीराच्या पातळीखाली घसरत नाही. कुशीवर झोपायचे असल्यास निरोगी कूस खाली घ्यावी आणि पुढे ठेवलेल्या उशीवर दुखरा हात टेकवावा. झोपण्यापूर्वी ताणाचे व्यायाम टाळून लंबकाचे झोके तेवढे घ्यावेत.

शस्त्रक्रियेने हे लवकर सुटेल का?

काही महिने नीट केलेल्या उपचारांनी फरक न पडल्यास, भूल देऊन खांदा फिरवणे किंवा दुर्बिणीद्वारे आखडलेले आवरण मोकळे करणे हे पर्याय पुढे येतात. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे दोन्ही उपाय आणि स्टेरॉइड इंजेक्शनासह आखून दिलेली फिजिओथेरपी यांची तुलना करण्यात आली. एका वर्षानंतर रुग्णाला जाणवेल इतक्या मोठ्या फरकाने यांपैकी एकही उपाय सरस ठरला नाही. शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा याचा अर्थ होत नाही. चिवट आखडलेपणात तिला जागा आहे. परंतु ती करूनही व्यायामातून सुटका होत नाही. मोकळा केलेला सांधा पुन्हा आखडू नये म्हणून फिजिओथेरपी लगेचच, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच, सुरू करावी लागते.

खांदा पूर्ण बरा होईल का? दुसऱ्या खांद्यालाही होईल का?

‘दोन वर्षांत आपोआप बरा होतो’ असे जे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. बहुतेकांची वेदना जाते आणि रोजची कामे करता येऊ लागतात. पण रुग्णांना सरासरी सात वर्षांनंतर तपासणाऱ्या, 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे निम्म्या रुग्णांना सौम्य वेदना किंवा ताठरपणा जाणवत होता. अनेकांना तो रोजच्या वापरात खटकतही नाही. त्याच खांद्याला हा विकार पुन्हा होणे विरळा. दुसरा खांदा मात्र पुढील काही वर्षांत काही जणांचा आखडतो, आणि मधुमेहींनी ही शक्यता विशेष लक्षात ठेवावी. दुसऱ्या खांद्याची बाहेरची फिरकी महिन्यातून एकदा तपासून पाहिली, तर सुरुवात लवकर लक्षात येते.

कोणती लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे?

खांदा लाल व गरम होऊन ताप येणे, पडल्यानंतर हात अचानक उचलता न येणे, हाताला मुंग्या येणे किंवा पंजाची पकड ढिली होणे, विनाकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असताना रात्रंदिवस एकसारखी वेदना होणे, अशा प्रत्येक वेळी व्यायाम थांबवून लवकर तपासणी करून घ्यावी. डाव्या खांद्यातील वेदना चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल, हात हलवल्याने तिच्यात काहीच फरक पडत नसेल आणि सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप लागणे असेल, तर ती हृदयाची वेदना असू शकते. अशा वेळी खांद्याच्या उपचारांत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालयात जावे. याशिवाय सहा ते आठ आठवडे नियमाने व योग्य प्रमाणात व्यायाम करूनही वेदना किंवा हालचाल यांपैकी कशातच फरक पडत नसेल, तर निदान पुन्हा तपासून घ्यावे आणि इंजेक्शनासारख्या पर्यायाविषयी डॉक्टरांशी बोलावे.